‘समजले ना?’

अध्यापनाच्या तीस वर्षांत आम्ही जो प्रश्न सर्वांत अधिक वेळा विचारला असेल, तो ना व्याकरणातला, ना इतिहासातला. तो आहे ‘समजले ना?’ हा. आमची शाळा सरकारी आणि हिंदी माध्यमाची, म्हणून तो ‘समझ में आया?’ असा विचारला जातो, एवढाच काय तो फरक. धडा संपवून आम्ही तो विचारावा आणि पन्नास कंठांतून एका सुरात ‘हाँ सर’ असे उत्तर यावे, हा नित्याचा क्रम. त्या ‘हाँ सर’चा अर्थ ‘समजले’ असा नसून ‘आता सोडा’ असा असतो, हे उमगायला आम्हांला नोकरीची पहिली पाच-सात वर्षे लागली. पुढे आम्ही तो प्रश्न टाकूनच दिला, आणि शेवटच्या बाकावरच्या मुलाला उभे करून ‘आत्ता काय सांगितले ते तुझ्या शब्दांत सांग पाहू’ असे म्हणू लागलो. खरी परीक्षा त्या मुलाची नसते, आमची असते. त्याने काय सांगितले यावरून आम्ही काय शिकवले हे कळते.

वर्गात कमावलेले हे शहाणपण रुग्णालयाच्या पायरीवर मात्र आम्ही चपलांबरोबर काढून ठेवले. त्याची हकीकत वाचकांना सांगावी, असे बरेच दिवस मनात होते.

आमच्या आत्याबाई वयाने ८१ वर्षांच्या. जन्म इंदूरचाच, पण लग्न होऊन गेल्या त्या सांगलीकडे, आणि उभा जन्म तिकडेच काढून यजमानांच्या मागे आमच्याकडे परत आल्या. त्यामुळे लहानपणी येत असलेले हिंदी त्या बहुतेक विसरल्या. भाजीवाल्याशी आणि दूधवाल्याशी त्यांचे भागते, कारण तेथे बोटे आणि पैसे ही भाषा पुरते. गेल्या वर्षी आषाढात त्यांना धाप लागू लागली, पायांवर सूज आली, आणि येथील एका रुग्णालयात (त्याचे नाव येथे नको) आठवडाभर ठेवावे लागले. हृदय थकले आहे, असे निदान झाले. निघताना पाच प्रकारच्या गोळ्या मिळाल्या. त्यांतली एक डिगॉक्सिनची. ती रोज घ्यायची नव्हती. ज्या तरुणाने कागद हाती दिला तो घाईत होता, त्याच्या मागे आणखी सात-आठ जण उभे होते. त्याने गोळीवर बोट ठेवून सांगितले, ‘‘ये वाली एक दिन छोड़के. समझ गए?’’ आत्याबाईंनी मान डोलावली. आम्हीही डोलावली. कागदावर त्या गोळीपुढे इंग्रजीत दोन अक्षरे होती, ती आम्ही वाचली नाहीत. खरे सांगायचे तर वाचता आली नाहीत.

‘एक दिन छोड़के’ म्हणजे एक दिवसाआड, हे आम्हांला कळले होते. मात्र गोळ्या घ्यायच्या आत्याबाईंनी, आणि त्यांना काय कळले हे आम्ही विचारले नाही. त्यांना कळले ते असे : आठवड्यातला एक दिवस सोडायचा. त्यांचा गुरुवारचा दत्ताचा उपास गेली पन्नास वर्षे चुकलेला नाही. रिकाम्या पोटी औषध घेऊ नये ही त्यांची पक्की समजूत, तेव्हा डॉक्टरांनी आपल्या उपासाची सोय पाहिली याचे त्यांना मोठे कौतुक वाटले. तसे त्यांनी आमच्या सौभाग्यवतींना बोलूनही दाखवले होते, ‘‘डॉक्टर धार्मिक दिसतो गं.’’ त्या वाक्याचा अर्थ लागायला आम्हांला पाच आठवडे लागले. जी गोळी आठवड्यातून तीन-चारदा पोटात जायची, ती सहादा जात होती.

श्रावणात आत्याबाईंची अन्नावरची वासना उडाली. पुढे मळमळ, मग दोन-तीन वांत्या. एके सकाळी पानावर बसल्या असता म्हणाल्या, ‘‘आज भातात हळद का घातलीस?’’ भात पांढराशुभ्र होता. मग त्यांचे पांढरे लुगडे पिवळे झाले, देवघरातला संगमरवरी गणपती पिवळा झाला. ‘‘सगळीकडे कसा भंडारा उधळल्यासारखा दिसतोय रे, बाळ,’’ असे त्या आम्हांला म्हणाल्या.

येथे आमच्या एम. ए. मराठीने घात केला. काविळ झालेल्याला सारे पिवळे दिसते, ही म्हण आम्ही शेकडो मुलांकडून घोकून घेतली आहे. म्हण म्हणजे वैद्यकशास्त्र नव्हे, हे मात्र त्या घटकेला सुचले नाही. रुग्णालयात पोचताच तपासायला आलेल्या तरुण डॉक्टरांना आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, ‘‘इन्हें पीलिया हुआ है.’’ आत्याबाईंना काय होते आहे ते आम्ही सांगितलेच नाही. आम्ही त्याचे निदान करून ते सांगितले. डॉक्टरांनी डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली, डोळा पांढराच होता. त्यांनी आत्याबाईंना विचारले, ‘‘क्या तकलीफ है, अम्माजी?’’ त्यांनी आपल्या हिंदीत उत्तर दिले, ‘‘भंडारा. सब तरफ भंडारा.’’

आता, वाचकहो, इंदुरात राहणाऱ्याला हे सांगायला नकोच, पण आमचा अंक बेळगावकडेही जातो म्हणून सांगतो. आपल्या जेजुरीच्या खंडोबाचा भंडारा म्हणजे हळदीची पूड. इकडच्या हिंदीत भंडारा म्हणजे मंदिरातले गावजेवण. श्रावणात तर गल्लोगल्ली भंडारे. वांत्या होत असलेली वृद्धा भंडारा म्हणते आहे, हे ऐकून त्या डॉक्टरांनी जो निष्कर्ष काढला तो कोणीही काढला असता. ‘‘कहाँ खाया भंडारा? कब खाया?’’ असे त्यांनी विचारले. आत्याबाईंना प्रश्न कळला नाही आणि त्यांनी नेहमीप्रमाणे मान डोलावली. बाहेरचे अन्न बाधले असावे, यकृताचीही तपासणी करावी, जुनी औषधे चालू ठेवावीत, अशी नोंद केसपेपरवर झाली. त्या जुन्या औषधांत ती गोळीही होती.

आम्ही तेथेच उभे होतो. दोन्ही भाषा जाणणारा त्या खोलीत एकटा आम्हीच, आणि आम्हांला तो घोटाळा ऐकू आला नाही. कारण आमच्या डोक्यात कावीळ बसली होती.

असा घोटाळा केवळ आपल्याकडे होतो असे नाही. १९८० साली अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात एका अठरा वर्षांच्या मुलाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणले होते. घरचे लोक क्यूबाचे, स्पॅनिश बोलणारे. त्यांनी सांगितले, मुलगा ‘इंटॉक्सिकाडो’ झाला आहे. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ, खाण्यापिण्यातून काहीतरी बाधले आहे. इंग्रजी कानाला तो शब्द ‘नशेत आहे’ असा ऐकू आला. मादक द्रव्य अति घेतल्याचे समजून उपचार सुरू झाले. प्रत्यक्षात त्याच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. तो ध्यानात येईपर्यंत वेळ निघून गेली आणि त्या मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले. पुढे न्यायालयात कोट्यवधी डॉलरांची भरपाई ठरली. या प्रकरणात आम्हांला सर्वांत बोचते ते हे की कोणाही पक्षाने ‘मला तुमचा शब्द कळला नाही’ असे म्हटले नाही. शब्द अगदी अनोळखी असता तर कोणीतरी थांबून विचारले असते. तो ओळखीचा वाटला, हाच घात.

परक्या भाषेपेक्षा शेजारची भाषा अधिक फसवते, असे आमचे मत झाले आहे. तमिळ कानी पडले तर आपण सावध होतो. हिंदी कानी पडले की आपण निश्चिंत असतो. आमच्या शेजारचे एक गृहस्थ मानेची ‘शीर’ दुखते म्हणून सांगत होते, आणि डॉक्टर ‘सिर’ म्हणजे डोके समजून चष्म्याचा नंबर विचारत होते. आपला ‘काल’ नक्की गेलेला दिवस असतो. हिंदीतला ‘कल’ गेलेलाही असतो आणि येणाराही. ‘ये दवा कल से बंद’ हे वाक्य नुकत्याच गावाकडून आलेल्या आजीने ऐकले, तर ती गोळी उद्यापासून बंद करायची की कालच बंद व्हायला हवी होती, याचा निकाल तिने कसा लावावा?

आणि दुखण्याच्या शब्दांविषयी तर काय सांगावे! आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्या बायका दुखणे कसे सांगतात ते एकदा कान देऊन ऐकावे. पोटात कळ येते, म्हणजे ती येते आणि जाते. मुरडा म्हणजे आतडे पिळवटते. गळू ठसठसते, नखुरड्याला ठणका लागतो, पाठीत उसण भरते, बरगडीत चमक निघते, पोटरीत पेटके येतात, पायाला मुंग्या येतात, कातडी हुळहुळते. कणकण म्हणजे ताप नव्हे, तापाची चाहूल. मळमळ वेगळी, उमासे वेगळे. भोवळ वेगळी आणि डोळ्यांपुढे अंधारी वेगळी. यांतल्या प्रत्येक शब्दात डॉक्टरला उपयोगी पडेल अशी काही माहिती आहे : दुखणे सतत की थांबून थांबून, एका जागी की पसरणारे, वरवर की खोल. आणि आम्ही सुशिक्षित नातेवाईक दुभाषे म्हणून मध्ये उभे राहतो आणि या साऱ्याचे एकच भाषांतर करतो, ‘‘दर्द है.’’ हिंदी काही दरिद्री भाषा नाही. मुरड्याला मरोड़ आहे, मुंग्यांना झुनझुनी आहे, ठसठसण्याला टीस आहे. पण तेवढे कष्ट कोण घेतो? वास्तविक तो शब्द आजीच्या तोंडचा जसाच्या तसा सांगून हाताने खूण करून दाखवली, तरी आमच्या भाषांतरापेक्षा पुष्कळ बरे.

घाईचा दोष सर्वस्वी डॉक्टरांवर टाकणे न्यायाचे नाही. १९८४ साली अमेरिकेतील बेकमन आणि फ्रँकेल या संशोधकांनी डॉक्टर-रुग्णांच्या ७४ भेटींच्या ध्वनिफिती ऐकून लेख लिहिला. रुग्ण आपले दुखणे सांगू लागला की सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला अडवतात, असे त्यात आढळले. ही तेथली गोष्ट. २०१७ साली अनेक देशांतील माहिती एकत्र करून झालेल्या अभ्यासात प्राथमिक उपचाराच्या ठिकाणी डॉक्टर रुग्णाला देतात तो वेळ स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे, बांगलादेशात ४८ सेकंद आणि आपल्याकडे सुमारे दोन मिनिटे निघाला. दोन मिनिटांत आम्हांला साधी हजेरी घेऊन होत नाही. बाहेर शंभर माणसे खोळंबलेली असताना त्या तरुण डॉक्टरांनी भंडाऱ्याची व्युत्पत्ती शोधत बसावे, अशी अपेक्षा आम्ही करणार नाही. पण वेळ थोडा म्हणून प्रश्न चुकीचा विचारावा, हेही खरे नव्हे. ‘समझ गए?’ याला एक सेकंद लागतो आणि तो सेकंद वाया जातो.

त्या संध्याकाळी वॉर्डात ज्या सिस्टरची पाळी सुरू झाली ती केरळची, वयाने तिशीची. तिचे हिंदी आमच्या आत्याबाईंच्या हिंदीइतकेच मोडके. लिंगवचनाचा तर विचारच नको. आमच्यातल्या मास्तराला दर वाक्याला लाल शाई आठवत होती. आणि तरीही त्या दोघींचे जे संभाषण झाले तसे नीटस संभाषण आम्ही रुग्णालयात ऐकलेले नाही.

सिस्टरने केसपेपर वाचला, स्टूल ओढून आत्याबाईंच्या समोर बसली आणि आम्हांला म्हणाली, ‘‘सर, आप थोड़ा बाहर जाओ.’’ आम्हांला ते रुचले नाही. नंतर कळले की लघवीला किती वेळा जावे लागते हे आत्याबाईंनी भाच्यासमोर तीन दिवस कोणालाही सांगितले नव्हते. आम्ही पडद्याआड उभे राहून ऐकत होतो, हेही कबूल करतो. तिने विचारले, ‘‘अम्मा, क्या दिखता?’’ आत्याबाई म्हणाल्या, भंडारा. तिला तो शब्द मुळीच ठाऊक नव्हता. खाण्याचाही नाही, खंडोबाचाही नाही. म्हणून तिने तेच केले जे भाषा न कळणारे माणूस करते. तिने पांढरी चादर उचलून विचारले, ‘‘ये कौन सा रंग?’’ ‘‘पिवळा.’’ स्वतःची पांढरी टोपी दाखवली. ‘‘ये?’’ ‘‘पिवळी.’’ मग ती जरा थांबली आणि म्हणाली, ‘‘अम्मा, घर में गोळी कैसे खाते, हमको दिखाओ.’’

आत्याबाईंनी पिशवीतून आपला प्लॅस्टिकचा डबा काढला. खाटेवर एकेक गोळी मांडत त्यांनी वार मोजले : सोमवार, मंगळवार, बुधवार. चौथी जागा मोकळी ठेवली, तिथे दोन्ही हात जोडले. मग शुक्रवार, शनिवार, रविवार. सिस्टरने त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवले आणि विचारले, ‘‘सिर्फ ये छोड़ा?’’ आत्याबाई म्हणाल्या, ‘‘डॉक्टर बोले ना. एक दिन छोड़के.’’

पडद्याआडून आम्हांला ते सारे ऐकू आले, आणि पाच आठवड्यांपूर्वी डोलावलेली ती मान आठवली.

पुढचे काम सिस्टरने दूरध्वनीवर केले. मोठे डॉक्टर घरी गेले होते. रात्री त्यांना उठवायचे, तेही शिकाऊ डॉक्टरांच्या नोंदीविरुद्ध, हे परिचारिकेला सोपे नसते. आपल्याकडे वॉर्डातली उतरंड शाळेतल्या उतरंडीपेक्षा कडक. पण तिने चाचरत सुरुवात केली नाही आणि लांबणही लावली नाही. बारा नंबरची अम्मा, उलटी होते, सगळे पिवळे दिसते, नाडी ४४. डिगॉक्सिन एक दिवसाआड लिहिली होती, आठवड्यातून सहा दिवस घेत होती. मला वाटते ते औषध अंगात जास्त झाले. सकाळची गोळी थांबवू का, आणि आत्ताच ईसीजी काढू का? एवढेच. पलीकडून डॉक्टरांनी जे सांगितले ते तिने लिहून घेतले आणि लिहिलेले पुन्हा मोठ्याने वाचून दाखवले. ‘हो’ ऐकल्यावरच फोन ठेवला.

पुढे आम्ही तिला विचारले तेव्हा कळले की ही तिची स्वतःची हुशारी नव्हती, शिकवलेली रीत होती. आत्ता काय घडते आहे, मागची हकीकत काय, मला काय वाटते, तुम्ही काय करावे, या चार पायऱ्यांनी बोलायचे. ही पद्धत मूळ अमेरिकेच्या नौदलातली, अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्यांवरची. तेथे खालच्या हुद्द्याच्या खलाशाला कप्तानाला थोडक्या वेळात नेमके सांगावे लागते, आणि संकोचाला जागा नसते. तेथून कॉलोराडो राज्यातील रुग्णालयांच्या एका मोठ्या संस्थेने ती उचलली आणि ती जगभर पसरली. त्यातली तिसरी पायरी आम्हांला फार महत्त्वाची वाटते. ‘मला काय वाटते’ हे म्हणण्याचा अधिकार परिचारिकेला दिला, की अर्धी उतरंड तिथेच ढासळते. फोनवर ऐकलेले पुन्हा वाचून दाखवणे हीही तशीच साधी रीत. तारमास्तर ती पाळत आले, आणि बँकेतही मोठी रक्कम दोनदा मोजतात.

त्या दोन इंग्रजी अक्षरांचाही आम्ही नंतर शोध घेतला. औषधाच्या चिठ्ठीवरील बहुतेक खुणा लॅटिनमधून आलेल्या. ‘एसओएस’ म्हणजे संकटाची हाक नव्हे, ‘गरज पडल्यास’ असा त्याचा अर्थ, हे आम्हांला पन्नाशी उलटल्यावर कळले. ‘रोज’ आणि ‘एक दिवसाआड’ यांच्या लॅटिन खुणा एकमेकींसारख्या दिसतात, त्यांत गल्लत होऊन रुग्ण दगावतात, म्हणून अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या मंडळाने २००४ साली त्या वापरण्यास मनाई केली आणि पूर्ण शब्द लिहायला सांगितले. म्हणजे आत्याबाईंची चूक सातासमुद्रापलीकडेही इतकी घडत होती की तिच्यासाठी नियम करावा लागला. आपल्याकडे औषधाचे नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असा नियम वैद्यक परिषदेने २०१६ साली केला. अक्षर सुधारले की नाही याचा निर्णय वाचकांनी घरातल्या चिठ्ठ्या काढून करावा. २०१९ पासून डॉक्टरकीच्या अभ्यासक्रमात रुग्णाशी कसे बोलावे याचे धडे रीतसर आले आहेत, ही मात्र खरोखर आनंदाची गोष्ट. आमच्या मध्यप्रदेशात २०२२ साली पहिल्या वर्षाची पुस्तके हिंदीतही निघाली. त्यावर वाद पुष्कळ झाले. आम्हांला एवढेच वाटते की शरीररचना हिंदीत वाचलेल्या मुलाला खाटेवरच्या म्हातारीचा शब्द कळतो की नाही, हे पुस्तकाच्या भाषेवर नव्हे तर तो खाली बसतो की उभ्यानेच विचारतो, यावर अधिक अवलंबून राहील.

आत्याबाईंची गोळी बंद झाली, रक्त तपासले, संशय खरा ठरला. त्या पिवळेपणाची गोष्टही मोठी जुनी आहे. डिगॉक्सिन ज्या कुळातल्या वनस्पतीपासून निघते, तिचा उपयोग विल्यम विदरिंग नावाच्या इंग्रज डॉक्टराने वैद्यकात रूढ केला. १७७५ साली त्याच्याकडे सूज उतरवणाऱ्या एका घरगुती काढ्याविषयी मत विचारण्यात आले. तो काढा श्रॉपशरमधील एका म्हातारीने वर्षानुवर्षे गुप्त ठेवलेला होता. वीसेक मुळ्यापाल्यांत गुणकारी कोणते हे त्याने ओळखले, दहा वर्षे रुग्णांच्या नोंदी ठेवल्या आणि १७८५ साली बर्मिंगहॅममध्ये पुस्तक छापले. औषध अति झाले तर वांत्या होतात, नाडी मंद होते आणि वस्तू पिवळ्या किंवा हिरव्या दिसतात, हे त्यात नमूद आहे. एका म्हातारीचे कोणीतरी ऐकून घेतले म्हणून हे औषध मिळाले, आणि अडीचशे वर्षांनी दुसऱ्या म्हातारीचे ऐकून घेतले नाही म्हणून ते बाधले.

येथे आमच्या बाजूचेही थोडे सांगितले पाहिजे, कारण रुग्णालयात बोलणारा पक्ष एकटा डॉक्टरांचा नसतो. आपल्या मराठी घरांतून आजारी माणसाभोवती जो मेळा जमतो त्यातला प्रत्येक जण डॉक्टरांशी स्वतंत्र बोलतो, आणि प्रत्येकाची हकीकत निराळी. शिवाय आजाऱ्याला खरे सांगू नका, असे डॉक्टरांना दाराआड बजावणारे आपणच. एका परिचितांच्या घरी सासऱ्यांचा कर्करोग सहा महिने त्यांच्यापासून लपवला होता. ते गेल्यावर त्यांच्या उशीखाली त्याच रोगावरची कात्रणे सापडली. दोन्ही बाजू एकमेकांना जपत होत्या आणि शेवटचे सहा महिने कोणीच कोणाशी बोलले नाही. भेटायला येणाऱ्यांविषयी तर फ्लॉरेन्स नाइटिंगेलने शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकात, म्हणजे १८५९-६० च्या सुमारास, एक अख्खे प्रकरण लिहून ठेवले आहे. पोकळ धीर देणारे आणि न मागता सल्ले देणारे लोक रुग्णाला किती थकवतात, याचे ते वर्णन आहे. रुग्णाला मान वळवावी लागणार नाही असे बसावे, असेही ती सांगते. ‘‘काही होत नाही हो, आमच्या भाचीलाही अस्सेच झाले होते’’ असे म्हणत पायथ्याशी उभे राहणाऱ्यांत आम्हीही होतो.

आत्याबाई पाचव्या दिवशी पानावर बसल्या, भाताकडे बराच वेळ पाहत राहिल्या आणि ‘‘पांढरा आहे’’ म्हणाल्या. आमच्या सौभाग्यवतींच्या डोळ्यांना पाणी आले.

आता घरी येताना आम्ही शहाणे झालो होतो. घरातल्या साऱ्या गोळ्या, जुन्या चिठ्ठ्या एका पिशवीत घेऊन गेलो. बोलायचे एकाने, तेही सौभाग्यवतींनी, असे ठरले. मोठ्या डॉक्टरांनी या खेपेला स्वतः वेळ काढला. ते आत्याबाईंसमोर बसले. डिगॉक्सिन गेली होती. आता लघवी होण्याची गोळी मात्र एक दिवसाआड घ्यायची होती. त्यांनी ‘छोड़के’ हा शब्द टाळला. म्हणाले, ‘‘अम्माजी, कैलेंडर देखकर. एक, तीन, पाँच, सात. विषम तारीख को गोली, सम तारीख को नहीं.’’ आणि मग त्यांनी ‘समझ गए?’ असे विचारले नाही. त्यांनी विचारले, ‘‘मैंने ठीक से बताया कि नहीं, देखना है. घर जाकर बहू को क्या बताएँगी?’’

आत्याबाईंनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. एक, तीन, पाच करत त्या एकोणतीसपर्यंत गेल्या, एकतीसवर अडखळल्या, आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, ‘‘अरे बाळ, यांना विचार, ऑगस्ट एकतीसचा आहे. एकतीसला घेतली, की दुसऱ्या दिवशी पहिली तारीख. दोन दिवस लागोपाठ होत नाहीत का?’’

आम्ही भाषांतर केले. या वेळी शब्दशः. डॉक्टर क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी खिशातले पेन काढले आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिता लिहिता म्हणाले, ‘‘ये तो मैंने सोचा ही नहीं था. इकतीस तारीख की छुट्टी, अम्माजी.’’

‘‘म्हणजे त्या दिवशी गोळीचा उपास,’’ आत्याबाई म्हणाल्या. घरी आल्यावर त्यांनी ‘कालनिर्णय’ भिंतीवरून काढून मांडीवर घेतले, आणि वर्षातल्या साऱ्या एकतीस तारखांवर कुंकवाचे बोट लावून ते परत टांगायला आमच्या हाती दिले.